मास्तरांची सिस्टीम

आमच्या शेजारी साळवे मास्तर राहतात. त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलात, की आत घ्यायच्या आधी ते तुम्हाला मागं ढकलतात. हातानं नाही, आवाजानं. चौकटीवर एक काळी डबी बसवली आहे. तिचं बटण दाबायचं. दाबलं की डबीतून मास्तर बोलतात, "मागे सरका. अजून मागे. टोपी येत नाही." आपण ओट्याची पायरी उतरायची, मान वर करायची, फोटोवाल्यापुढं बसल्यासारखं तोंड करायचं. तेवढ्यात आत सगळ्या खोल्यांतले दिवे उघडझाप करतात, टीव्हीवर आपलं थोबाड दिसतं, एक बाई इंग्रजीत कायतरी सांगते, आणि मग मास्तर दार उघडून विचारतात, "कोण?"

अरे, आत्ता टीव्हीवर बघितलं ना!

याला ते सिस्टीम म्हणतात. "ही बेल नाही आबा, सिस्टीम आहे. बेल दिव्यांना, दिवे टीव्हीला, टीव्ही मोबाईलला. सगळं घर एकमेकांना जोडलेलं."

मी म्हटलं, "आमचं घर बी जोडलेलंच हाय. म्हातारीला ठेच लागली की शिव्या मला बसत्यात."

मास्तर हसले नाहीत. त्यांना हसायची सवयच नाही. हायस्कुलात पोरांना कवायत शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, तेही आई दंडाला धरून नेत होती म्हणून. तेव्हा मास्तर लोकांविषयी माझं मत काय असेल ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. हा माणूस रिटायर झाला, पण याची शिट्टी झाली नाही. ती अजून गळ्यात असते. घरातून निघताना पहिला पाय डावा. नळाला पाणी आलं की गल्लीतल्या बायका भांडतात, म्हणून एकदा यांनी त्यांना उंचीप्रमाणं उभं केलं. बुटक्या पुढं, उंच मागं. उंच बायांचा नंबर यायच्या आत पाणी गेलं. त्या दिवशी नळावर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. मास्तर म्हणाले, "शिस्तीला वेळ लागतो," आणि घरात जाऊन बसले. पुढं कोंबड्यांना शिट्टीवर खुराड्यात जायला शिकवलं. त्या शिकल्या. पण त्यांच्या नादानं आमच्याही शिकल्या, आणि मग रोज संध्याकाळी मला माझ्या कोंबड्या मास्तरांच्या खुराड्यातून मोजून आणाव्या लागायच्या.

असा हा माणूस. याला बायको मिळाली ती मात्र नशिबानं. रूथबाई. नाव घेऊन कोणी हाक मारत नाही, सगळं तिसगाव त्यांना सिस्टर म्हणतं. दवाखान्यात नर्स होत्या. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर पडली, माझी दोन्ही त्यांत आली. बाईंचा स्वभाव बोलका. एकदा सुरू झाल्या की समोरच्याला बोलायला फट सापडत नाही. आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको कौसाबाई, आणि त्या, दोघींचं गूळपीठ पोरं रांगत होती तेव्हापासूनचं. नाताळला तिकडून करंज्या, चकल्या इकडं. आमच्या सणाला इकडून पोळ्या तिकडं. गेलेलं ताट रिकामं परत यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी त्यात असायची.

तर ह्या संक्रांतीला काय झालं, म्हातारी गुळाच्या पोळ्यांचं ताट घेऊन गेली आणि ताट जसंच्या तसं घेऊन परत आली. तोंड लाल.

"काय झालं?"

"दारात हुबी ऱ्हाऊन दोनदा हाक मारली. खुर्चीवर बसल्या हुत्या पाठ करून, विणकाम चाललं हुतं. मान बी वळवली न्हाई. गोड बोलायच्या सणाला पाठ दावली मला! आता त्या उंबऱ्याला पाय लावीन तर नावाची कौसा न्हाई."

मी म्हटलं, "बरोबर केलंस. मानानं ऱ्हायाचं." मान ही गोष्ट आमच्या घरात पहिल्यापासून जास्तच आहे.

ही गोष्ट नळावर गेली. तिथं गेल्यावर जिला तिला आपापलं आठवायला लागलं. एक म्हणाली, मला बी तसंच केलं. दुसरी म्हणाली, मी तर फाटकातून ओरडून ओरडून आले. हळूहळू बायकांनी मास्तरांच्या घरचा रस्ता सोडला. आम्हा बाप्यांचं काय, भिंतीवरून बोलणं चालू राहिलं. पण बायकांचं येणंजाणं मोडलं ते मोडलंच. म्हातारी पोळ्यांचं ताट घेऊन गेली होती त्या दुपारपासून तिचा जीव कशात लागेना. दुपारी ओट्यावर मास्तरांच्या घराकडं पाठ करून बसायची, आणि सगळं बोलणं माझ्याशी. माझ्याशी! कोणाचं लग्न कुठं जमलं, कोणाची म्हैस आटली, हे मला ऐकावं लागायला लागलं. तेव्हा मला कळलं, सिस्टरांनी इतकी वर्षं माझ्यावर केवढा उपकार केला होता.

आणि अशात मास्तरांनी ही बेल आणली.

आता तुम्हीच सांगा, माणसानं काय समजायचं? आधी हाक मारली तर पाठ. आणि आता यायचंच असेल तर बटण दाबून, मागं सरकून, परवानगी घेऊन या. मी म्हटलं, डोक्यात हवा गेली. त्यांच्या जावयानं पुण्याहून खोकं पाठवलं होतं. ते जोडायला कारागीर बोलवायचा नाही, कारण मास्तरांना सगळं येतं. कितीतरी दिवस हा माणूस मोबाईल आकाशाकडं धरून रस्त्यावर फिरत होता. तोंडानं, "कनेक्टिंग... कनेक्टिंग..." बेल दिव्याला जोडायला गेले, ती पंख्याला जोडली गेली. कोणी बटण दाबलं की पंखा बंद. मग टीव्हीला जोडली, तेव्हा बेल दाबली की बातम्या लागायला लागल्या. स्वतःच दाबायचे, धावत आत जायचे, बघायचे, पुन्हा धावत बाहेर. घामानं निथळलेले. मी ओट्यावर बसून तंबाखू मळत होतो.

"मास्तर, शर्यत कुणासंगं लावलीया?"

"सिस्टीम बसवायला चिकाटी लागते आबा. तुम्हाला नाही कळायचं."

नाहीच कळलं. कारण आमच्याकडं दार वाजवायची रीतच नाही. रस्त्यावरूनच, "हायेत का घरात?" म्हणायचं, आणि म्हणून होईपर्यंत माणूस आत आलेला असतो. दिवसाउजेडी दार लावून कोण बसतं? आमच्या गल्लीत दिवसा दार लागलं तर त्याचा अर्थ एकच. पण बेल चालवायची म्हणजे दार लावायला पाहिजे ना! पहिल्या दिवशी मास्तरांनी सकाळी दार लावलं, आणि बघता बघता टोप्या सारख्या करत माणसं त्यांच्या ओट्यावर येऊन बसली. कोणी बोलेना. एकानं येताना कडुलिंबाचा पालाही आणला.

मास्तरांनी मोबाईलवर बघितलं आणि डबीतून ओरडले, "बेल दाबा!"

"कशाला दाबायची मास्तर? कळलं आमाला," एक म्हातारा डबीकडं बघून म्हणाला.

"काय कळलं?"

"झालं ते झालं. धीर धरा. न्यायचं कधी?"

तेवढ्यात सिस्टर हात पुसत बाहेर आल्या. सगळ्यांची तोंडं बघून घाबरल्या. "कोण गेलं?" म्हणाल्या. जो तो त्यांच्याकडं बघायला लागला. लिंबाचा पाला आणणाऱ्यानं तो हळूच माझ्या शेळीपुढं टाकला. मला इतकं हसू आलं की तंबाखू नरड्यात गेली.

पुढं डबीनं नवीनच उद्योग काढला. समोरून काही हललं की ती आपली आपण सुरू व्हायची. कुत्रं गेलं, दिवे. शेळी गेली, दिवे. एका रविवारी त्यांच्याकडं चर्चची माणसं प्रार्थनेला जमली होती. सगळे डोळे मिटून उभे. माझी म्हैस सुटली आणि मास्तरांच्या ओट्याला अंग घासायला लागली. झालं! घरभर दिवे नाचायला लागले, इंग्रजी बाई ओरडायला लागली. लोकांनी डोळे उघडले तर टीव्हीवर माझी म्हैस, पडदाभर, रवंथ करताना. मास्तर भिंतीवर येऊन म्हणाले, "म्हशीला शिस्त नाही तुमच्या."

मी म्हटलं, "तिनं बटण दाबलं न्हाई, ह्याचा राग आला व्हय?"

मी ठरवून टाकलं होतं. ही डबी मी दाबणार नाही. बोट माझं आहे. आयुष्यात ते मी अंगठ्याच्या ऐवजी सहीसाठी वापरायला शिकलो, तेवढं शिक्षण त्याला पुरे. मास्तरांशी काम पडलं तर मी रस्त्यावरून हाक मारायचो. ते बाहेर यायचे आणि डबीकडं हात करायचे. मी मान हलवायचो. दोघं तसेच उभे.

एकदा मात्र ते स्वतःहून भिंतीशी आले. नेहमीसारखं ताठ नाही, जरा वाकून. म्हणाले, "आबा, कौसाबाईंना म्हणावं, एकदा बेल दाबून बघा. एकदाच."

"का? न दाबता तुमची मंडळी वळून बघत न्हाई वाटतं?"

मास्तर भिंतीवरचा सुटा पोपडा नखानं काढत राहिले, आणि गेले. मी म्हातारीला आत जाऊन सांगितलं, आज मास्तराची बोलती बंद केली. ती म्हणाली, "बरं केलं." पण भाकरी थापताना पुन्हा विचारलं, "आणखी काय म्हणले?"

मग आमचा कांदा निघाला. घराच्या कडेला, मास्तरांच्या भिंतीलगत सावलीत सुकायला पसरला. बाजाराचा दिवस होता. म्हातारी आणि सून उरलेल्या कांद्याची पात काटायला रानात गेल्या होत्या, मी राखणीला. बसल्या बसल्या डोळा लागला, आणि पाण्याच्या आवाजानं उघडला. मास्तरांच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, आणि त्या टाकीचा पाईप नेमका आमच्या बाजूला. पाणी सरळ माझ्या कांद्यावर. कांद्याला पाणी लागलं की तो सडायला लागतो, मग त्याला कोणी हात लावत नाही.

मोटरसुद्धा सिस्टीमला जोडली आहे, हे मला मास्तरांनीच छाती फुगवून सांगितलं होतं. कुठूनही बंद करता येते म्हणे, बाजारातून, नगरमधून, अमेरिकेतून. मी जमेल तेवढा कांदा हातांनी मागं ओढला आणि ओरडलो, "मास्तर! ओ मास्तर!" मास्तर बाजारात गेले होते. मग, "सिस्टर! मोटर बंद करा!"

काही नाही.

काठी घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. दाराला आतून कडी. शेजारच्या खिडकीतून बघितलं, सिस्टर आतल्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या, पाठ माझ्याकडं. विणकाम चालू. मी हाक मारली. माझा आवाज असा आहे की बांधावरून ओरडलो तर शेजारच्या शिवारातला बैल थांबतो. बाई हलल्या नाहीत. काठीनं दार बडवलं. गच्चीवरची कबुतरं उडाली. बाई हलल्या नाहीत. मी म्हटलं, म्हातारी खरंच बोलत होती. केवढा हा माज! माझ्या तोंडातून जे शब्द गेले ते बाईमाणसापुढं जायला नको होते. तरी सुई आपली आत-बाहेर, आत-बाहेर.

मागं पाण्याचा आवाज चाललेला. पडणारा प्रत्येक थेंब माझ्या कांद्यावर. काय करतो? बघितलं इकडंतिकडं, कोणी नाही असं बघून दाबलं बटण.

घरातले सगळे दिवे उघडझाप करायला लागले. आणि सिस्टरांनी मान वर केली.

दारावरच्या दणक्यानं नाही, माझ्या शिव्यांनी नाही. दिव्यानं. दिव्याकडं बघितलं, लगबगीनं विणकाम बाजूला ठेवलं, पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. लग्नघरी पाहुणे आल्यावर बाईमाणूस उठतं तशा उठल्या. दार उघडलं. पहिल्यांदा माझ्या मागं बघितलं, ओट्यावर, रस्त्यावर.

"आबा! एकटेच? कौसाबाई कुठंय?"

"मोटर बंद करा! पाणी!"

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. ओठांकडं. मग हसून म्हणाल्या, "बसा ना, बसा. उन्हाचे आलात," आणि आत जाऊन तांब्या भरून पाणी घेऊन आल्या.

मी तांब्या हातात घेतला. बाहेर कांदा भिजत होता आणि मी तिथं उभा राहून पाणी प्यालो. मग मीच आत जाऊन भिंतीवरचा खटका पाडला.

बाहेर आलो तर मास्तर बाजाराची पिशवी घेऊन फाटकातून पळत येत होते. पायात पाय. डावा-उजवा सगळं विसरलेले. "मोबाईल बंद पडला आबा, चार्जिंग संपलं, टाकी..." एवढं म्हणाले आणि माझं तोंड बघून थांबले. दंडाला धरून मला घरामागं घेऊन गेले.

"काही बोललात का तिला?"

"बोलून काय उपेग? कधीपासनं ऐकू येत न्हाई?"

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. "दिवाळीपासून जास्त. आता काहीच नाही."

"मग कानाला मशीन का लावत न्हाई?"

"आणलं होतं. डबीसुद्धा उघडली नाही. म्हणते, माझे कान चांगलेत, लोकंच हल्ली पुटपुटतात. नंतर म्हणायला लागली, लोकं येतच नाहीत. दार उघडं टाकून दिवसभर दाराकडं बघत बसायची. कंटाळून पाठ वळवली की नेमकं कोणीतरी यायचं, हाक मारायचं आणि निघून जायचं. मी काय दिवसभर दारात उभा राहू?"

"गल्लीत सांगायचं की. कोणी खाल्लं असतं का तुमाला?"

"आबा," मास्तर म्हणाले, "बाईच्या पोटाला कान लावून आतल्या लेकराचं काळीज ऐकणारी ती. तुमच्या थोरल्याचं तिनंच ऐकलं होतं. तिला उद्या गावातल्या पोरीबाळी कानाशी येऊन ओरडायला लागल्या, कीव करायला लागल्या, तर ती घराबाहेर पडेल का? त्यापेक्षा म्हटलं, लोकांनी मला हसावं. म्हातारा बेलच्या नादानं खुळा झाला म्हणावं. तिला वाटतं मला यंत्रांचा सोस आहे. वाटू दे."

मी काठीच्या टोकानं माती उकरत राहिलो.

"आणखी एक सांगतो," मास्तर म्हणाले, "रागावू नका. ती रोज विचारते, कौसाबाई आली नाही का म्हणून. मी सांगतो, येऊन गेली, तू झोपली होतीस."

"रोज?"

"रविवारी नाही सांगत," मास्तर म्हणाले.

देवाधर्माचा माणूस! आठवड्यातला एक दिवस सोडून उरलेले सगळे दिवस माझ्या बायकोच्या नावानं खोटं बोलत होता, तेही मला न विचारता. मला राग आलाच. तो राग घेऊन मी घरी आलो आणि म्हातारी रानातून येऊन हातपाय धूत होती तिथंच तिला सगळं सांगितलं, पुटपुटणाऱ्या लोकांपासून रविवारपर्यंत. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. केसांत कांद्याची वाळली पात अडकलेली, पायाला माती, तशीच निघाली. उंबऱ्याला पाय न लावायचं वगैरे तिनंच म्हटलं होतं, मी नव्हतं म्हटलं, त्यामुळं मी अडवलं नाही.

मास्तर आणि मी रस्त्यावर उभे राहिलो. म्हातारी त्या डबीपुढं जरा थांबली. मग पदराला बोट पुसून तिनं बटण दाबलं. मास्तरांचा मोबाईल तेवढ्यात चालू झाला होता. सवयीनं त्यांनी तो तोंडाशी नेला, "मागे स—" एवढं बोलले, आणि मी त्यांच्या तोंडावर माझा पंजा ठेवला.

दार उघडलं.

"आलीस?" सिस्टर म्हणाल्या. "रोज येतेस आणि मला न उठवता जातेस होय गं? आज बरी सापडलीस."

म्हातारी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, तोंडाला तोंड देऊन. आवाज चढवला नाही. एकेक शब्द सुटा सुटा करून म्हणाली, "कशी उठवनार? लेकरागत झोपल्या हुत्या तुमी."

दोघी आत गेल्या. दार लागलं.

मी माझ्या कांद्याकडं आलो. भिजलेला वेगळा, कोरडा वेगळा असं निवडायला बसलो. थोड्या वेळानं मास्तर आले आणि न विचारता पायजमा वर करून समोर बसले. त्यांनी कांद्याची ओळीनं मांडणी सुरू केली, मोठा पुढं, बारका मागं. मी म्हटलं, "ते कवायतीला हुबं न्हाई करायचं, नुसतं पसरायचं." त्यांनी ऐकलं नाही. मध्येच बाही वर करून डोळे पुसले आणि म्हणाले, "भलताच तिखट आहे आबा कांदा तुमचा."

कांदा चिरल्याशिवाय डोळ्याला लागत नाही. आमच्या पुढ्यातला एकही अजून चिरलेला नव्हता.

"व्हय," मी म्हटलं, "औंदा लई तिखट निघालाय."